ताई-ची : नवशिक्याने कोणती शैली धरावी?

आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत किंवा शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मांडी घालून बसणे ज्यांना आताशा जड जाऊ लागले आहे अशा मंडळींच्या कानांवर, उभ्या उभ्या करता येणाऱ्या त्या संथ चिनी व्यायामाची वार्ता कधी ना कधी येतेच. कोणी डॉक्टर तो सुचवितात, पुण्या-हैदराबादेस नोकरीला असलेला मुलगा एखादी चित्रफीत पाठवितो, आणि ती पाहू जाता मन गोंधळून जाते. कारण एका चित्रफितीतील शिक्षक जमिनीलगत बसून एकाएकी पाय आपटतो, दुसरा आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मंद लयीत हात फिरवितो, तिसरा पुढे झुकलेला असतो, चौथा ताठ उभा असतो, आणि तरीही प्रत्येक जण आपल्या व्यायामास ताई-ची असेच म्हणतो. मग साहजिकच प्रश्न उद्भवतो : यांपैकी अस्सल कोणते, आणि मी शिकावे कोणते?

प्रश्न रास्त आहे, आणि बीदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत तो अधिकच निकडीचा आहे. मोठ्या शहरात एक वर्ग मानवला नाही तर दुसऱ्या पेठेतील वर्ग गाठता येतो. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण किंवा आळंद येथे राहणाऱ्या माणसाला मात्र शिक्षकासाठी सोलापूर वा हैदराबादपर्यंत तजवीज करावी लागण्याचा संभव असतो, आणि प्रवासाचा खर्च व वेळ जमेस धरता पहिली निवड विचारपूर्वक करणेच त्याच्या हिताचे ठरते. या प्रकरणाचे सार आरंभीच सांगून टाकतो : नवशिक्याने प्रथम आपले शरीर पाहावे, नंतर शिक्षक पाहावा, आणि शैलीचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. हा क्रम असाच का, हे समजण्यासाठी या शैली मुळात निर्माण कशा झाल्या तेथून सुरुवात केली पाहिजे.

१. मूळ एक, शाखा पाच

चीनच्या हेनान प्रांतातील वेन तालुक्यात चेनजियागौ नावाचे एक खेडे आहे. मिंग राजवट लयास जाऊन मांचूंचा अंमल सुरू होण्याच्या धामधुमीत, म्हणजे सतराव्या शतकात, त्या गावच्या चेन कुळातील चेन वांगतिंग या लष्करी पेशाच्या पुरुषाने तत्कालीन युद्धविद्येतील हालचाली आणि श्वसनाचे जुने अभ्यास यांचा मेळ घालून एक स्वतंत्र पद्धती बसविली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. चांग सानफेंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाला हा व्यायाम स्फुरला अशी एक आख्यायिकाही लोकप्रिय आहे. परंतु पुराव्याचा माग काढीत गेले की तो चेन कुळापाशी येऊन थांबतो. पुढील दीड-दोनशे वर्षे ही विद्या त्या कुळाबाहेर सहसा कोणास दिली जात नसे.

ती बाहेर आली यांग लूचान (१७९९–१८७२) या शिष्यामुळे. हेबेई प्रांतातील योंगनियानचा हा रहिवासी चेनजियागौ येथे चेन चांगशिंग यांच्यापाशी अनेक वर्षे शिकला, आणि पुढे राजधानी पेकिंगमध्ये जाऊन मांचू सरदारांना व राजरक्षकांना शिकवू लागला. त्याच्या नातवाने, यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने, उड्या आणि आकस्मिक प्रहार वगळून सर्व हालचाली मोठ्या, मोकळ्या व एकसारख्या गतीच्या केल्या, त्यामुळे सैनिकाची ही विद्या सामान्य नागरिकाच्या आवाक्यात आली. यांग लूचानपाशी शिकलेल्या च्वानयौ या मांचू रक्षकाच्या मुलाने, वू जियानच्वान (१८७०–१९४२) याने, आपली निराळी शाखा रूढ केली. यांगच्याच गावच्या वू यूशियांग (१८१२–१८८०) या विद्वान गृहस्थाने आणखी एक शाखा काढली. ती पुढे हाव वेईझेन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्या हाव यांच्यापाशी शिकून सुन लूतांग (१८६०–१९३३) याने पाचवी शाखा निर्माण केली.

चेन, यांग, वू, हाव आणि सुन अशा या पाच शैली होत. दोन निरनिराळ्या 'वू' आपल्या लिपीत एकसारख्याच दिसतात, म्हणून यूशियांग यांच्या शाखेला या प्रकरणात 'हाव' असेच म्हटले आहे. यांगच्या ज्या हेबेई प्रांतातून यांतील चार शाखांचा विस्तार झाला, तो सोलापूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या वाचकांना सर्वस्वी परका नाही. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांनी याच प्रांतात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, १९४२ मध्ये तेथेच देह ठेवला, आणि त्यांचे स्मारक हेबेईची राजधानी शिजियाझुआंग येथे आजही आहे.

या वंशावळीवरून नवशिक्याला एक दिलासा मिळतो. पाचही शैली एकाच उगमापासून निघाल्या असल्यामुळे त्यांपैकी एक खरी आणि बाकीच्या खोट्या असा प्रकार नाही. २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ताई-चीचा समावेश केला, तोही कोणत्या एका शैलीचा नव्हे, तर समग्र विद्येचा. तेव्हा अस्सल कोणते, हा आपल्या प्रश्नाचा पूर्वार्ध येथेच निकालात निघतो.

२. सर्व शैलींत समान काय आहे

निवड करण्यापूर्वी, कोणतीही शैली घेतली तरी जे शिकावेच लागते ते आधी पाहू. ते म्हणजे शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणीवपूर्वक नेणे. आपण एरवी चालतो तेव्हा पुढे पडणाऱ्या शरीराला पाऊल टाकून सावरीत असतो. पाऊल पडण्याच्या आधीच भार पुढे गेलेला असतो, आणि म्हणून ओल्या न्हाणीघरात पाय सरकला की सावरायला अवधी राहत नाही. ताई-चीत हा क्रम उलट असतो. विहिरीवरून भरली घागर डोक्यावर घेऊन निसरड्या पायऱ्या चढणारी बाई आधी पाऊल नीट ठेवते, ते टेकले अशी खात्री झाल्यावरच त्यावर भार देते. तिची मान स्थिर असते, कंबर मोकळी असते, आणि घागरीतले पाणी हिंदकळत नाही. नेमके हेच या व्यायामातील प्रत्येक पावलात साधावयाचे असते.

हे घरच्या घरी ताडून पाहता येईल. आपल्या भागातील बहुतेक घरांत शहाबादी फरशी असते. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतून निघालेल्या या दगडाच्या चौरस लाद्यांमधील सांध्यांच्या रेषा आपल्या कामी येतील. फरशी कोरडी असावी, पायांत सपाट तळाचे बूट असावेत, आणि हाताशी भिंत किंवा खुर्ची असावी. दोन पावले खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर ठेवून उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. सगळा भार सावकाश डाव्या पायावर न्या. उजवा पाय हलका झाला की प्रथम त्याची टाच, मग चवडा उचला, आणि एका पावलाच्या अंतरावर पुढे फक्त टाच टेकवा. पाऊल डाव्या पायाच्या समोर येऊ देऊ नका. ते आपल्याच बाजूच्या रेषेवर राहू द्या, नाहीतर पाया अरुंद होऊन तोल जातो.

आता थांबा आणि परीक्षा घ्या. टेकवलेली टाच, डोके वा धड यत्किंचितही न हलविता, परत उचलता येते का? येत असेल तर भार अजून मागच्या पायावरच आहे आणि पाऊल बरोबर पडले आहे. येत नसेल तर पाऊल लांब पडले आहे, ते आखूड करा. नंतर हळूहळू तळवा टेकवीत भार पुढे न्या. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच पुढे जावा, आत वळू नये आणि बोटांच्या पलीकडे जाऊ नये. पुढे कोणतीही शैली शिकलात तरी गुडघ्याचे रक्षण या एका नियमावर अवलंबून राहील.

३. भेद कोठे आहे

शैलींतील भेद तीन मापांनी मोजता येतात : पवित्रा किती खाली घ्यावयाचा, हातापायांच्या हालचालींचा विस्तार किती ठेवावयाचा, आणि गती एकसारखी राखावयाची की बदलती. पवित्रा जितका खाली तितका मांड्यांवर व गुडघ्यांवर ताण अधिक. विस्तार जितका मोठा तितकी चूक डोळ्यांना चटकन दिसते, म्हणून शिकणाऱ्याची सोय होते, पण जागा अधिक लागते. आणि गती जितकी बदलती तितके सांध्यांवरील नियंत्रण अधिक हवे. ही तीन मापे हाती घेऊन एकेका शैलीकडे पाहू.

चेन शैली ही सर्वांत जुनी. तिचे पवित्रे खाली बसलेले असतात. कमरेपासून निघून मनगटापर्यंत जाणारा पीळ हा तिचा प्राण आहे. संथ हालचालींच्या मध्येच प्रहार, उड्या आणि पाय आपटणे येते. १९२८ मध्ये चेन फाके पेकिंगला जाऊन शिकवू लागेपर्यंत ती आपल्या गावाबाहेर फारशी ठाऊक नव्हती. तरुण, कसलेल्या शरीराला ती समाधान देते; झिजलेल्या गुडघ्याला मात्र तिच्यातील खालचे वळसे सोसत नाहीत.

यांग शैली आज जगात सर्वाधिक प्रचलित आहे. हालचाली मोठ्या, सरळ, एकाच लयीच्या. पवित्रा आपल्या शक्तीप्रमाणे वर किंवा खाली घेता येतो, आणि ही मुभाच नवशिक्याला फार मोलाची आहे. शिक्षक आणि सोबती सर्वांत सुलभपणे मिळतील ते याच शैलीचे.

वू शैलीत विस्तार लहान असतो. पुढे जाताना धड किंचित झुकविले जाते, परंतु डोक्यापासून मागच्या टाचेपर्यंतची रेषा सरळ राखली जाते. कमी जागेत ती करता येते. पण झुकणे आणि वाकणे यांतील फरक शरीराला कळण्यास वेळ लागतो, आणि कंबरदुखीच्या माणसाने तो फरक जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीच शिकावा.

हाव शैली सर्वांत आटोपशीर. बाहेरून पाहणाऱ्याला हालचाल जवळजवळ दिसतच नाही, कारण सारे कार्य शरीराच्या आत, सूक्ष्म प्रमाणात चालते. शिकविणारे थोडे, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे अनुकरण करणे नवशिक्याला दुर्घट. म्हणून तिचा विचार पुढे करावा.

सुन शैलीचा कर्ता ताई-चीकडे येण्यापूर्वीच शिंगयी व बाग्वा या दोन अन्य चिनी युद्धविद्यांत निष्णात होता, आणि त्यांचे चपळ पदन्यास त्याने या व्यायामात आणले. पवित्रा उंच, जवळजवळ नेहमीच्या उभे राहण्याइतका. एक पाय पुढे गेला की दुसरा त्याच्या पाठोपाठ येऊन मिळतो, त्यामुळे एकाच पायावर फार काळ भार राहत नाही. दिशा बदलताना दोन्ही तळहात छातीसमोर उघडतात आणि मिटतात. याच गुणांमुळे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्याचा आधार त्यांनी सुन शैली हाच ठेवला.

४. लांब क्रम की आखूड क्रम

शैलीबरोबरच आणखी एक निवड करावी लागते, आणि नवशिक्याच्या दृष्टीने ती अधिक परिणामकारक असते. ताई-चीचे पवित्रे सुटे सुटे केले जात नाहीत. ते ठरलेल्या अनुक्रमाने, एकातून दुसरा उमलत, अखंड केले जातात. या अनुक्रमाला येथे 'क्रम' म्हणू. यांग शैलीचा पारंपरिक लांब क्रम मोजणीच्या पद्धतीप्रमाणे ८५, १०३ किंवा १०८ पवित्र्यांचा मानतात. तो नीट बसण्यास वर्षही लागू शकते, आणि पहिल्या तिमाहीतच बरेच जण गळतात.

ही अडचण ओळखून चीनच्या राष्ट्रीय क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग शैलीतून निवडलेल्या २४ पवित्र्यांचा एक सुटसुटीत क्रम तयार करविला. त्यात पुनरावृत्ती थोडी आहे, सोप्याकडून कठीणाकडे चढण आहे, आणि तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. रानघोड्याची आयाळ दुभागणे, पांढऱ्या क्रौंचाने पंख पसरणे, ढगांप्रमाणे हात फिरविणे अशी त्यातील पवित्र्यांची नावे लक्षात ठेवण्यासही सोपी आहेत. यांग चेंगफूचा शिष्य, चित्रकार व वैद्य चेंग मानचिंग याने ३७ पवित्र्यांचा असाच एक आखूड क्रम बसविला, आणि १९६४ पासून न्यूयॉर्कमध्ये तो शिकवून पाश्चात्त्य देशांत रुजविला.

आखूड क्रम म्हणजे कमअस्सल अशी समजूत करून घेऊ नये. लांब क्रम अर्धवट येण्यापेक्षा आखूड क्रम पूर्ण येणे शरीराला अधिक लाभदायक, कारण अर्धवट पाठ असलेल्या माणसाचे सारे लक्ष पुढचा पवित्रा आठवण्यात गुंतते आणि पायांखालच्या भाराकडे दुर्लक्ष होते.

५. प्रयोगांची साक्ष

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली, त्या वृत्तीचा वारसा आपल्या मराठी व्यायामविचाराला आहे. ताई-चीकडेही आपण त्याच वृत्तीने पाहावे.

अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पार्किन्सन या कंपवाताच्या विकाराने ग्रासलेल्या १९५ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाने ताई-ची, दुसऱ्याने वजनांचा व्यायाम आणि तिसऱ्याने स्नायू ताणण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे केला. तोल सांभाळण्याच्या कसोटीत ताई-चीचा गट सरस ठरला, आणि ताणण्याच्या गटापेक्षा त्याचे पडण्याचे प्रसंगही कमी झाले. २०१८ मधील दुसऱ्या प्रयोगात सत्तर वर्षे व त्यावरील, पडण्याचा धोका असलेल्या ६७० व्यक्ती होत्या. २४ आठवड्यांत ताई-ची करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण ताणण्याच्या व्यायामाच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. गुडघ्याच्या संधिवाताविषयी बॉस्टन येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २०४ रुग्ण होते. बारा आठवडे यांग शैलीचा ताई-ची करणाऱ्यांना आणि नेहमीचे भौतिकोपचार घेणाऱ्यांना जवळजवळ सारखाच आराम पडला.

या प्रयोगांतून दोन गोष्टी घ्याव्यात. ताई-चीची तुलना त्यांत अन्य व्यायामांशी आहे, एका शैलीची दुसरीशी नाही. म्हणून अमुक शैलीच अधिक आरोग्यदायी असा दावा कोणी या प्रयोगांच्या आधारे केल्यास तो मान्य करू नये. दुसरी गोष्ट कालावधीची. लाभ दिसले ते बारा ते चोवीस आठवड्यांच्या नेमाने. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून शैली बदलणाऱ्याने परीक्षा पुरी होऊच दिलेली नसते.

६. तीन उदाहरणे

आता हे सारे प्रत्यक्ष लागू करून पाहू. उदाहरणे कल्पित आहेत, पण अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात सापडतील.

पहिले उदाहरण भालकीच्या चौसष्ट वर्षांच्या निवृत्त गुरुजींचे. गुडघ्यांची झीज सुरू आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि पडण्याची धास्ती मनात आहे. यांना उंच पवित्रा, एकसारखी गती आणि आखूड क्रम हवा. सुन शैलीचा शिक्षक मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास यांग शैलीचे पहिले आठ पवित्रे, पवित्रा उंच ठेवून, तीन महिने करावेत. चेन शैली त्यांनी दुरूनच पाहावी. आरंभापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. चक्कर, हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरे उदाहरण आळंद तालुक्यातील बावीस वर्षांच्या पहिलवानाचे. कन्नड शेजारी जिला गरडी म्हणतात त्या तालमीत त्याने जोर-बैठका मारल्या आहेत, जत्रेच्या फडात कुस्त्या खेळल्या आहेत. संथ यांग शैलीत त्याचे मन रमण्याचा संभव कमी. चेन शैली त्याच्या प्रकृतीला मानवेल. परंतु त्याचे बळ हीच त्याची अडचणही होईल, कारण जेथे कमरेच्या वळणाने काम व्हावयाचे तेथे तो खांद्याचा जोर लावील. म्हणून त्याने पहिले काही महिने फक्त पीळ शिकावा, प्रहार आणि पाय आपटणे नंतर. आणि हे शिक्षकासमोर शिकावे, चित्रफितीवरून नव्हे, कारण वळलेल्या गुडघ्यावर भार पडतो आहे की नाही हे ज्याचे त्याला दिसत नाही.

तिसरे उदाहरण कलबुर्गीच्या एका कचेरीत लिपिक असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईंचे. दिवसभर बैठे काम, खांदे आखडलेले, सकाळी डबे आणि संध्याकाळी स्वयंपाक, हाती उरतो तो फार तर अर्धा तास आणि घराची गच्ची. यांच्यासाठी यांगचा २४ पवित्र्यांचा क्रम योग्य. दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, दहा मिनिटे एकाच पवित्र्याची घोटणी आणि उरलेल्या वेळात जेवढा आला असेल तेवढा क्रम दोनदा, अशी विभागणी केल्यास घाई होत नाही. गच्ची नसून एकच खोली असती तर लहान विस्ताराच्या वू शैलीचा विचार करता आला असता.

तिन्ही उदाहरणांत आपण शैलीपाशी शेवटी आलो, ही गोष्ट ध्यानात यावी. गुडघा, वय, वेळ आणि जागा यांचा जबाब घेतला की शैलीचा निकाल आपोआप लागतो.

७. शिक्षकाची पारख

आता राहिला शिक्षक. मनाजोगत्या शैलीचा सामान्य शिक्षक आणि दुसऱ्या शैलीचा चांगला शिक्षक असे दोन पर्याय समोर असतील, तर नवशिक्याने बेलाशक दुसरा पत्करावा. दुसऱ्या विभागातील पावलाची परीक्षा कोणत्याही शैलीतला जाणता शिक्षक घेऊ शकतो, आणि ती घेणारा नसेल तर शैलीच्या श्रेष्ठपणाचा काही उपयोग होत नाही.

चांगल्या शिक्षकाची लक्षणे पहिल्याच दिवशी दिसतात. तो शिकविण्यापूर्वी तुमच्या दुखण्यांची चौकशी करतो. हातांच्या डौलापेक्षा पायांकडे व गुडघ्यांकडे पाहतो. आपण कोणापाशी शिकलो हे विचारल्यावर मोकळेपणाने सांगतो. साठीच्या माणसाला आणि विशीच्या पोराला एकाच खोलीचा पवित्रा घ्यावयास लावीत नाही. मधुमेह मुळापासून जाईल अशी ग्वाही देत नाही, आणि स्पर्श न करता माणूस फेकून दाखविण्याची भाषा करीत नाही. एखादा वर्ग नुसता बसून पाहू देण्यास ज्याची हरकत असते, तेथे नाव घालण्याची घाई करू नये.

गावात शिक्षक नसेल तर पाच-सहा जणांनी एकत्र येऊन महिन्यातील एका रविवारी बाहेरगावच्या शिक्षकास पाचारण करावे, त्याचा प्रवासखर्च वाटून घ्यावा, आणि मधल्या दिवसांत एकमेकांची पावले तपासावीत. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून हुमनाबादसारख्या मधल्या गावांना अशी व्यवस्था जमविणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. चित्रफीत आठवणीला मदत म्हणून जरूर वापरावी. पहिला शिक्षक म्हणून नव्हे.

सुरुवात केव्हा करावी, हेही आपल्या पिकांच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरविणे बरे. तुरीची रास होऊन घरात आली की शेतकरी कुटुंबाला सवड मिळते, आणि त्या थंडीच्या सकाळी नव्या नेमाला अनुकूल असतात. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा सराव सूर्योदयापूर्वी उरकावा. मृगाच्या पेरणीत पूर्ण क्रमास फुरसत मिळणार नाही. त्या पंधरवड्यात केवळ पावलांचा दहा मिनिटांचा सराव ठेवावा, म्हणजे नेम तुटत नाही.

८. निवड केल्यानंतर

एकदा शैली धरली की निदान वर्षभर ती सोडू नये. पहिले तीन महिने हात-पाय एकमेकांचे ऐकत नाहीत. पुढील तीन महिन्यांत क्रम पाठ होतो. खरे शिक्षण त्यानंतर, म्हणजे पुढचा पवित्रा आठवावा लागत नाही तेव्हा सुरू होते. अधूनमधून दुसऱ्या शैलीची गोडी वाटेल, आपल्या शिक्षकाचे म्हणणे आणि चित्रफितीतील शिक्षकाचे म्हणणे यांत विरोध दिसेल. अशा वेळी दोघांपैकी कोण बरोबर याचा खल करीत न बसता, भार कोठे आहे आणि गुडघा कोणत्या दिशेला आहे एवढेच तपासावे. पुष्कळसे विरोध तेथेच मिटतात.

वर्षानंतर मात्र शैली बदलावीशी वाटली तर बिनदिक्कत बदलावी. भार नेण्याची जी सवय पायांना लागलेली असते ती वाया जात नाही, आणि नव्या शैलीतील पवित्र्याची उंची, विस्तार व गती एवढेच तिच्यावर चढवावे लागते. आपली पहिली निवड अखेरची ठरेल या भीतीने जे आरंभच करीत नाहीत, त्यांनी सुन लूतांगकडे पाहावे. शिंगयी आणि बाग्वा या दोन्ही विद्यांत आचार्य म्हणून चीनभर नाव झाल्यावर, वयाची पन्नाशी ओलांडल्यानंतर, तो हाव वेईझेन यांच्यापुढे ताई-चीचा नवशिका म्हणून उभा राहिला. आणि ज्या शैलीचे उंच पवित्रे आज आपल्या साठीच्या गुरुजींच्या गुडघ्यांना मानवतात, ती शैली त्या उशिरा केलेल्या आरंभातूनच जन्माला आली.